शून्याची खातरजमा

रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरत तिनं तक्त्यातल्या कोऱ्या चौकटीवर पेन टेकवलं, आणि ते तिथंच थांबलं.

“शून्य?” तिनं विचारलं.

“शून्य,” पलीकडून शेठ म्हणाले. “वीज शून्य, डिझेल शून्य. कारखाना बंद. लिहून टाका बाई, एवढा विचार कसला करताय?”

ती विचार करत नव्हती, दमली होती. सकाळपासून तिचे फोनच चालले होते. देशात वर्षभरात किती ऊर्जा खर्च झाली याचा जाडजूड अहवाल तिच्या कार्यालयातून निघायचा. घरं, इमारती, उद्योग आणि वाहनं असे त्याचे चार भाग. त्यातला उद्योगांचा भाग तिच्या टेबलावर होता. कारखान्यांनी आपली माहिती आपणहून पाठवायची असा कायदा होता, आणि जे पाठवत नसत त्यांच्या मागे लागायचं हे तिचं काम. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, “आमची सून लोकांना फोन करून विचारते, यंदा किती जाळलंत म्हणून.” शेजारणी हसायच्या. पहिली काही वर्षं तीही हसली होती.

बर्फाचा कारखाना चालवणारे हे शेठ पूर्वीपासून तिच्या वाट्याला आलेले. त्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. वेळेवर माहिती पाठवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं, आणि त्यांच्या सबबी ऐकता ऐकता तिला त्यांचं अख्खं घर माहीत झालं होतं. हिशेब बघणारी सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. मग शेठचा मोतीबिंदू. मग जावयानं घेतलेली नवी गाडी बघायला सगळं घर गेलेलं. ती रागवायची, ते नरमाईनं “हो बाई, चुकलं बाई” करायचे, आणि शेवटी कधीतरी आकडे यायचे. यंदा सबब नव्हती. तेवढंच तिला खटकलं.

“कधीपासून बंद आहे?”



“बंद म्हणजे बंद हो,” शेठ म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

शून्य आलं की जागेवर जाऊन खातरजमा करायची, असा नियम होता. साहेबांनी तिच्या कागदावर मान वर न करताच सही केली.

“जाऊन या. एवढासा कारखाना, पण नियम तो नियम,” ते म्हणाले. “तसं एकूणात घट दिसली तर बरंच आहे. वरच्यांना घट आवडते.”

“बंद पडल्यामुळे झालेली घट आहे ती, साहेब.”

“अहवालात घट ही घट असते, बाई.”

तिनं वाद घातला नाही. यंदा तिनं कितीतरी नावांपुढे ‘बंद’ लिहिलं होतं. खरं तर ‘बंद’ असंही लिहावं लागत नसे. त्यासाठी संगणकात एक ठरावीक आकडा होता. तो दाबला की ओळ करडी व्हायची आणि खालची वर सरकायची.

दुसऱ्या दिवशी तिला दोन बस बदलाव्या लागल्या. दुसरीत बसायला जागा मिळाली नाही, आणि ती उतरली तेव्हा तिचा डावा गुडघा बोलू लागला होता. गोदामांच्या मागचा रस्ता, दोन्ही बाजूंना पत्र्याची कुंपणं. एका लोखंडी फाटकाखालून थंडगार पाण्याचा ओघळ येऊन गटाराला मिळत होता. आत एक टेम्पो मागे मागे सरकत होता आणि रबरी बूट घातलेले दोघे जण लांब आकडीनं बर्फाच्या लाद्या ओढून त्यात चढवत होते. आतून कुठूनतरी मोठ्या यंत्राची धडधड चालली होती, पायाखालच्या फरशीपर्यंत पोचणारी.

तिनं पिशवीतून कागद काढून पत्ता ताडून पाहिला. बरोबर होता.

कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत एक बुटका, टकलू म्हातारा जाड भिंगांच्या चष्म्यातून तिच्याकडे बघत होता. मग तो उठून उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिनं ओळखलं की त्यानंही ओळखलंय.

“तुम्ही खरंच याल असं वाटलं नव्हतं,” शेठ म्हणाले. आवाज फोनवरचाच होता, माणूस मात्र तिनं कल्पना केली होती त्याच्या निम्मा होता.

“शून्य सांगितलंत की यावं लागतं,” ती म्हणाली. “आणि हे काय आहे, शेठ?”

शेठनी दार लावून घेतलं. आवाज निम्मा झाला. त्यांनी थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतला, एक तिच्यापुढे सरकवला आणि स्वतःचा तसाच धरून ठेवला.

“कंटाळा आला हो फॉर्म भरायचा. म्हटलं, बंद सांगितलं की पिच्छा सुटेल.”

“इतकी वर्षं सबबी सांगताय मला. ही त्यातली सगळ्यात कच्ची.”

ते हसले. हसू फार टिकलं नाही. काचेतून पलीकडे बघत ते बोलू लागले, तिच्याशी की स्वतःशी ते कळू नये अशा आवाजात.

“महिनाअखेर बंद करतोय. जागेच्या कागदांवर सही झाली. आता घराघरांत फ्रिज आहेत. तुमच्याकडे आकडा असेल ना त्याचा?”

“आहे. शेजारच्या टेबलावर. दरवर्षी वाढतो.”

“वाढू दे बिचारा. मासळीवाले उरले होते, त्यांनीही स्वतःचं यंत्र बसवलं. जावई म्हणतात, जागा मोक्याची आहे, इथं गाड्या चार्ज करायचं ठिकाण काढू.”

“म्हणजे तुम्ही आमच्या वाहनांच्या भागात जाल.”

“तिथं फोन कोण करतं?”

“दुसऱ्या बाई आहेत. माझ्याहून कडक.”

“मेलो मग,” शेठ म्हणाले. या वेळी दोघंही हसली, आणि हसणं ओसरल्यावर खोलीत जरा मोकळं वाटलं. शेठनी पेला खाली ठेवला.

“यांना सांगितलेलं नाही अजून,” काचेकडे हनुवटी करत ते म्हणाले. “रोज सकाळी घरातून ठरवून निघतो. बायको विचारते, आज सांगणार ना? हो म्हणतो. इथं येतो, मिस्त्री समोर येऊन उभा राहतो, आणि माझी दातखीळ बसते. वडिलांच्या वेळचा माणूस आहे तो. मला या धंद्यातलं जे येतं ते त्यानं शिकवलंय. काल तुमचा फोन आला. म्हटलं, आधी या बाईंपाशी बोलून बघू, तोंडातून निघतंय का.”

“आणि?”

“निघालं की. ‘कारखाना बंद.’ चांगलं ठणठणीत निघालं. म्हणून फोन ठेवला आणि तडक बाहेर गेलो, त्याच दमात सांगून टाकावं म्हणून.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. “मिस्त्री म्हणाला, शेठ, तुमचा चेहरा का उतरलाय, घरी जाऊन पडा जरा. आणि मी घरी जाऊन पडलो.”

चहा अतिगोड होता. तो तिनं संपवला. मग पिशवीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

“शून्यच लिहा ना बाई,” शेठ म्हणाले. “महिन्याभरात खरं होणारच आहे.”

“हे वर्ष तुम्ही चालवलंत, शेठ. ते मी खोडून कसं टाकू? वीज जाळलीत, बर्फ विकलात. ते मला लिहावंच लागेल.”

शेठनी मान हलवली. खोडणं कुणालाच नको होतं असं काहीसं त्या मान हलवण्यात होतं.

यंत्रांची माहिती मिस्त्रीला विचारायची होती. शेठ तिला घेऊन आत गेले. अमोनियाचा बारीक वास नाकाला झोंबत होता. मोठ्या टाकीतल्या मिठाच्या पाण्यात पत्र्याचे उभे डबे ओळीनं बुडवलेले होते, वर लाकडी झाकणं. मिस्त्री त्या झाकणांवरून अंगणात चालावं तसा चालत आला. उंच, वाकलेला, भुवयासुद्धा पांढऱ्या झालेला. ऊर्जा मोजणाऱ्या कार्यालयातून बाई आल्यात असं शेठनी ओरडून सांगितल्यावर त्यानं हात पुसून नमस्कार केला. बाकीचे चार-पाच जणही कामं टाकून जवळ आले. आजवर त्यांची चौकशी करायला कुणी आलं नसावं.

“विचारा मॅडम,” मिस्त्री म्हणाला. “इथली नस न् नस सांगतो.”

ती विचारत गेली आणि तो सांगत गेला. मोटार किती ताकदीची, दिवसातून किती तास चालते, वीज गेली तर डिझेलवर किती वेळ काढतात. तो नुसतं उत्तर देऊन थांबत नव्हता. प्रत्येक उत्तराला पुढचं काहीतरी जोडत होता. हा पंप त्यानं स्वतः दोनदा उलगडून जोडलाय. ही नळी गळायची, आता बघा, थेंब दिसतो का. पट्टा मात्र बदलायला झालाय, शेठना सांगितलंय. उन्हाळ्याच्या आत बदलला की पुढची काही वर्षं बघायला नको.

“मागवतो म्हणालात ना, शेठ?” त्यानं विचारलं.

“हं,” शेठ म्हणाले.

ती लिहीत राहिली. एरवी हे आकडे तिच्याकडे फोनवरून यायचे, सुटे सुटे, आणि ती ते चौकटींत टाकायची. उभ्यानं, भिंतीला पाठ टेकवून, थंडीनं आखडलेल्या बोटांनी लिहिताना तिला अक्षर सांभाळावं लागत होतं. फॉर्म भरला. तिनं खाली तारीख घातली आणि पेनाला टोपण लावलं.

“झालं एवढ्यात?” मिस्त्री जरा हिरमुसून म्हणाला. मग त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा हसू आलं. “मॅडम, पुढच्या वर्षी या परत. नवीन पट्टा बसलेला असेल. तेव्हा विजेचा आकडा कमी होतो की नाही बघा तुम्हीच. याल ना?”

सगळे तिच्याकडे बघत होते. हा प्रश्न तिला नवीन नव्हता. लोक निरोप घेताना काहीतरी विचारायचं म्हणून विचारतात, आणि ती हो म्हणून टाकते. आत्ताही ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं असतं तर ती फाटकाबाहेर पडून बस पकडून मोकळी झाली असती. ‘नाही’ म्हणायचा तिला अधिकार नव्हता. लोकांची माहिती लोकांत बोलायची नाही अशी शपथ घेऊन ती नोकरीला लागली होती. तिनं शेठकडे पाहिलं. शेठ टाकीवरच्या झाकणांकडे बघत होते.

“ते शेठ सांगतील,” ती म्हणाली.

यंत्राच्या आवाजात कुणाला नीट ऐकू गेलं नसेल असं तिला वाटलं. पण मिस्त्रीचं हसू हळूहळू थांबलं. त्यानं तिच्याकडून नजर काढून शेठकडे नेली आणि तिथंच ठेवली. शेठनी तोंड उघडलं. ओठ हलले. त्या धडधडीत शब्द कुणापर्यंत पोचले नाहीत. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला, मग हातानं यंत्राकडे खूण केली.

“मिस्त्री,” ते ओरडले, “मशीन बंद करा जरा. बोलायचंय.”

मिस्त्री जागचा हलला नाही. रबरी बूटवाल्यांपैकी एकानं हातातली आकडी भिंतीला टेकवून ठेवली. लाद्या तयार होत असताना मशीन बंद करत नाहीत, हे तिलाही आता या थोड्या वेळात कळलं होतं. मग मिस्त्री वळला, सावकाश चालत भिंतीपाशी गेला आणि त्यानं खटका ओढला.

धडधड उतरत उतरत थांबली. छतावरून थेंब पडत होते, ते ऐकू येऊ लागले.

शेठ फार बोलले नाहीत. महिनाअखेर म्हणाले. जागा दिली म्हणाले. तुमचं सगळ्यांचं बघतो म्हणाले, आणि कसं बघणार ते त्यांना सांगता आलं नाही. मध्येच त्यांचा आवाज बसला तेव्हा मिस्त्रीनं नेहमीचं असल्यासारखं कोपऱ्यातल्या माठातून पाण्याचा पेला भरून त्यांच्या हातात दिला. शेठ प्यायले. ती भिंतीला टेकून उभी होती. निघून जावं तर पावलांचा आवाज झाला असता.

कुणी रडलं नाही की भांडलं नाही. एक जण खाली बसला, एवढंच. मग टेम्पोजवळचा माणूस म्हणाला,

“आणि हे अर्धवट गोठलंय त्याचं काय?”

सगळ्यांनी टाकीकडे पाहिलं. शेठनीही. उत्तर मिस्त्रीनं दिलं.

“ते पुरं होऊ दे.”

तो पुन्हा भिंतीपाशी गेला. खटका दाबण्याआधी त्यानं पट्ट्यावरून एकदा हात फिरवला, कुठं उसवलाय ते चाचपल्यासारखा. मग यंत्र घरघरलं, अडखळलं, आणि धडधड पहिल्यासारखी भरून राहिली. एकेक जण आपापल्या जागी गेला. आकडी उचलली गेली. लादी फरशीवरून सरकत टेम्पोकडे निघाली.

तिनं फॉर्म घडी न घालता पिशवीत ठेवला आणि ती फाटकाकडे चालू लागली. शेठ तिच्याबरोबर फाटकापर्यंत आले. तिथं थांबून ते काहीतरी म्हणाले. आभार मानले असतील, किंवा रागावलेही असतील. यंत्राच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिनं मान हलवली. शेठनीही हलवली, आणि ते आत वळले.