चहा आल्यावरचा प्रश्न

"पुन्हा बाहेर जा आणि नीट आत ये. पाय घासत चालू नकोस!" असं म्हणून बाबांनी लेकीला परत एकदा खोलीबाहेर काढलं.

इस्त्रीचा शर्ट घालून बाबा जेवणाच्या टेबलामागे साहेब बनून बसले होते. मालवाहतुकीच्या एका कंपनीत ते हिशेब विभागाचे प्रमुख. नवी माणसं घ्यायची असली की मुलाखतीला हमखास बसणारे. त्यामुळे लेकीची तयारी आपल्याशिवाय कोण करून घेणार, असा त्यांचा थाट होता. लेकीला रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी हवी होती. रंग वाळताना सुरकुत्या का पडतात, पत्र्यावरून पापुद्रे का सुटतात, सगळं तिला तोंडपाठ होतं.

"कामाचं तुला येतं गं," बाबा म्हणाले. "खरी गोम पुढेच आहे. चहा आला की सावध व्हायचं. तोवर कडक असलेली माणसं एकदम गोड बोलायला लागतात. घरी कोण कोण असतं, लग्नाबिग्नाचं काय... तिथे फसायचं नाही. हसून म्हणायचं, छे, इतक्यात विचारच नाही!"

"अहो बाबा, पण माझं लग्न ठरलंय!"

"म्हणून तर सांगतोय!"

खिडकीपाशी वाटाणे सोलत बसलेल्या आत्याने मान वर केली. ही बाबांची थोरली बहीण, जन्मभर इस्पितळात नर्स म्हणून राबलेली. तिच्या जिभेला घरात सगळेच टरकून असत.

"काय रे, चहा आल्यावरच विचारतात हे तुला कुठून कळलं?"

"अगं ताई, आम्ही तसंच विचारतो. चहा पिताना माणूस मोकळं बोलतं," बाबा ऐटीत म्हणाले.

"अस्सं! म्हणजे दुसऱ्यांच्या पोरींना गोड बोलून खड्ड्यात पाडायचं आणि घरी येऊन आपल्या पोरीला तोच खड्डा चुकवायला शिकवायचं? शाबास!"

"ताई, जग असंच चालतं."

"चालतं कसलं? तुम्हीच चालवता!"

बाबांनी ते हसण्यावारी नेलं.

मुलाखतीहून लेक परतली ती पर्स सोफ्यावर आपटतच. "कामाचं जेमतेम विचारलं, आणि आला चहा!"

"मग? म्हणालीस ना मी सांगितलं तसं?"

"नाही. तोंडातून खोटं निघेना. म्हटलं, लग्न ठरलंय आणि लग्नानंतरही मी काम करणार आहे. तर एक जण म्हणतो, सासरच्यांना विचारलंय का? दुसरा म्हणतो, वर्षभरात पाळणा हलला तर आम्ही काय करायचं? आणि सगळे हसले, बाबा! आम्हाला टिकणारं माणूस हवंय, म्हणाले. संपलं!"

बाबांचं डोकंच फिरलं. "हलकट लेकाचे! माझ्या पोरीला असं विचारतात? नाव सांग मला त्या माणसाचं!"

"नाव कशाला हवंय?" आत्या कडाडली. "असेल तुझ्यासारखाच एक. पोरीबाळींचा बाप. एरवी सज्जन म्हणून मिरवणारा. पोरींना बघून तूही असाच हसला असशील की!"

चहाचा घोट घेता घेता आपण किती जणींना हसलो, ते बाबांना आठवेना, आणि आठवत नाही याचीच लाज वाटू लागली.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या कंपनीत मुलाखती होत्या. हिशेबाच्या जागेसाठी आलेल्या मुलीने सगळ्या प्रश्नांची चोख उत्तरं दिली. मग चहा आला. गोदामाच्या प्रमुखाने कप तिच्याकडे सरकवला आणि गोड आवाजात विचारलं, "बरं, घरी कोण कोण असतं? लग्नाबिग्नाचं काय?"

मुलगी हसली. "छे, इतक्यात विचारच नाही."

तेच शब्द! तेच शिकवलेलं हसू! हिच्याही घरी कोणीतरी साहेब बनून बसलं असणार. बाबांनी हातातला कप खाली आपटला.

"थांबा!" ते ओरडलेच. "बाई, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायला नको. चुकलं आमचं."

"अहो, उद्या सोडून गेली तर?" गोदामवाले वैतागले.

"जास्त पगार मिळाला म्हणून किती पोरगे सोडून गेले! त्यांना विचारलं होतं आपण लग्नाचं? हिच्या कामात खोट असेल तर बोला, नाहीतर गप्प बसा!"

गोदामवाल्यांनी तोंड वाकडं केलं, पण कामात खोट त्यांनाही काढता येईना. मुलीला नोकरी मिळाली.

संध्याकाळी बाबांनी घरी हे सांगितलं. लेकीने शांतपणे ऐकून घेतलं. "चांगलं केलंत, बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी त्या खोलीतही असं बोलणारा एखादा असता, तर आज मी कामावर असते."



वाचकहो, आपल्या मुलींना खोटं हसायला शिकवण्यात किती दिवस घालवायचे? टेबलाच्या त्या बाजूला तर आपणच बसलेलो असतो! आपल्या लेकीला विचारलेला जो प्रश्न आपल्याला सहन होत नाही, तो दुसऱ्याच्या लेकीला विचारायचा हक्क आपल्याला नाही. आणि शेजारच्या खुर्चीतला विचारत असेल, तर त्याला तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर थांबवलंच पाहिजे!