सात आयांची नावं

अगं थांबा, मधे कुणी बोलू नका, नाहीतर माझं सांगायचं राहूनच जाईल! काल ना, नव्या राजाचा कारभारी आला आमच्या वस्तीवर. पश्चिमेकडच्या गेल लोकांतला. सोबत लिहायला मठातला एक साधू. आणि बसला कुठे? आमच्या आज्यांच्या दगडाला टेकून! मामाच्या आजोबांनी त्यावर आमच्या आयांच्या कुळाच्या खुणा म्हणून फणी कोरलीय, आरसा कोरलाय, मासा कोरलाय, आणि हा गडी तिथे पाठ घासतोय.

म्हणाला, ज्याला जमिनीवर हक्क सांगायचाय त्याने आपलं कूळ सांगा. कूळ नाही, त्याची जमीन राजाच्या शिपायांना. आमची नदीकाठची जवाची पट्टी, तुम्हाला माहितीये, तेवढीच तर आहे! आई मला म्हणाली, "तू सांग. माझ्यामागे तुझीच आहे."

मला तर लहानपणापासून पाठ! एका दमात म्हटलं, "मी द्रुस्तिकची, द्रुस्तिक मेलोरची, मेलोर देरिलेची..." सात आया घडाघडा सांगितल्या. मामा गालातल्या गालात हसत होता.

कारभाऱ्याने विचारलं, "आणि बाप?"

"बापाचं काय? तो नदीपलीकडच्या कुळातला."

साधूने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "बाप ठाऊक नाही. कूळ नाही."

अगं हसताय काय!

मामा उसळला, "अरे, सात पिढ्या सांगितल्या ना पोरीने!"

कारभारी म्हणतो, "तुमचे पूर्वज होड्यांतून आले तेव्हा सोबत बायकाच नव्हत्या. आम्ही आमच्या दिल्या, कूळ आईकडून मोजायच्या अटीवर. म्हणून अजून आयाच मोजत बसलाय."

आई म्हणाली, "कुठली होडी? आमच्यातलं कुणी कुठून आलेलं नाही. आम्ही इथलेच."

"पुरावा?"

आईने त्याच्या पाठीमागच्या दगडाकडे बोट दाखवलं. त्याने वळून पाहिलं. "यावर तर फणी आहे, बाई."

मग मी धावत सुटले. बाबा नदीत गुडघाभर पाण्यात जाळं लावत होता, त्याला ओढतच आणलं. ओल्या पायांनी उभा राहिला बिचारा.

"ही तुझी मुलगी?"

"हो, म्हणजे... आहे माझी. पण ती द्रुस्तिकची."

"तुझी की तिची? एकच सांग."

बाबाने आईकडे पाहिलं. आईने जवाकडे पाहिलं, बराच वेळ. मग हळूच होकाराची मान हलवली.

"माझी," बाबा म्हणाला. अगदी चोरी केल्यासारखं.

साधूने बाबाचं नाव, उरेत, लिहिलं. जमीन वाचली! मी तर उडीच मारली. मग त्याने वाचून दाखवलं, "जमीन उरेतची. त्याच्यामागे त्याच्या मुलाची. मुलगा नसल्यास भावाची."

आईचं नाव कुठे नाही. मामाचं नाही. माझंही नाही. बाबाच्या त्या भावाने आमचं शेत कधी धड पाहिलंसुद्धा नाहीये.

ते लोक गेले. मामा उठून गेला तो आलाच नाही. बाबा सारखा म्हणत होता, "अगं, नुसतं लिहिलंय! बदललं काय?"

आई भाकरीला बसली. पिठात हात घातला आणि थांबली. बाबाला विचारलं, "हे पीठ घेऊ ना?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिने हात बाहेर काढला आणि त्याच्या उत्तराची वाट बघत बसली.