पातं जाम

अपेक्षा, मधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. चहा गार झाला तर होऊ दे. हे कुणाला तरी सांगायचंच होतं, आणि तू त्या दुकानात कधी आलेली नाहीस, म्हणून तुलाच सांगतोय.

मी धायरी फाट्याला दिग्विजयदादाच्या दुकानात लागलोय ना, ट्रेकिंगच्या सामानाच्या. तंबू, दोर, टॉर्च आणि मल्टिटूल. ते गं, घडीचं असतं, उघडलं की पक्कड होते आणि दोन्ही दांड्यांमधे चाकू, कात्री, स्क्रूड्रायव्हर. वापरून वापरून त्याची पाती ढिली होतात. चाकू उघडला की डुलायला लागतो. कंपनीकडे पाठवलं तर तीन महिने तोंड दिसत नाही. म्हणून दादा ते काम अख्तरबानूंना देतो. त्या स्वारगेटच्या मागे घोरपडे पेठेत राहतात. त्यांचे मिस्टर शिंप्यांच्या कात्र्या दुरुस्त करायचे, ते गेल्यावर यांनी काम चालू ठेवलं. मी त्यांना खाला म्हणतो, म्हणजे मावशी. आमच्या दुकानात मोठा बोर्ड आहे, 'सर्व्हिस सेंटर'. ते सर्व्हिस सेंटर म्हणजे खालांच्या खिडकीजवळचं स्टूल.

डबा भरून टूलं न्यायची आणि आणायची, हे माझं काम. पण मी तिथेच बसून राहायचो, बघायला जाम मजा यायची. खाला बोल्ट काढायच्या, आतला मळ टूथब्रशने काढायच्या, पातळ चकत्या पुसून परत बसवायच्या, बोल्टच्या आट्यांवर निळ्या गमचा एक थेंब, म्हणजे तो आपोआप सुटत नाही. मग बोल्ट पूर्ण आवळायचा, आणि आता हे नीट ऐक, मग तो जरासा मागे घ्यायचा. मी एकदा विचारलं, "खाला, आवळलंत तर परत सैल कशाला करता?"

"खेळ ठेवते," म्हणाल्या. "केसाएवढा. कात्री असो नाहीतर हे, खेळ नसला की पातं शेवटपर्यंत जात नाही. अर्ध्यातच रुसून बसतं."

मग टूल कानाशी धरून पातं उघडायच्या. टिक वाजलं की लॉक बसला, मग पातं आपोआप मिटत नाही. नाही वाजलं तर परत सगळं खोल. मी पण कान लावायचो, तर म्हणायच्या, "आधी त्या कानातल्या बोंड्या काढ. गाणं ऐकत काय दुरुस्ती शिकणार तू."

तर गेल्या महिन्यात लोणी काळभोरहून दत्तोबा आले. साठीचा माणूस, गुलाबाची नर्सरी आहे. डोळे भरतात. म्हणजे एका झाडाचा कोंब सालीसकट अलगद काढायचा आणि दुसऱ्या झाडात बसवायचा, सगळा खेळ चाकूच्या टोकावर. टूल काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "पातं जाम हलतंय बघा. कामाला धरवत न्हाई." मी चिठ्ठीवर लिहायला घेतलं, 'पातं जाम', आणि तेवढ्यात एक माणूस फाटका तंबू घेऊन भांडायला आला. मी चिठ्ठी होती तशीच रबराने टूलला बांधली.

आठ दिवसांनी खालांकडून ते दुरुस्त होऊन आलं. दत्तोबा संध्याकाळी नेणार होते. मी म्हटलं, देण्याआधी चेक करू. पातं धरून हलवलं, तर अगदी किंचित हललं. आणि खाली चिठ्ठी. 'पातं जाम'. माझंच अक्षर गं, पण आठ दिवसांत किती गिऱ्हाइकं येतात. मला वाटलं, त्यांना पातं जाम करून हवंय. एकदम घट्ट. आणि खालांनी तर सैल ठेवलंय. आता यासाठी परत घोरपडे पेठेत कोण जाणार, आणि मला येतंच की एवढं. घेतला पाना आणि दिला पाव फेरा. गम वाळलेला, बोल्ट कुरकुरला, तरी फिरवला. पातं हलायचं थांबलं. खरं सांगतो, मला इतकं भारी वाटलं. टिक वाजलं का, ते मी ऐकलंच नाही. एका कानात गाणं चालू होतं.

चौथ्या दिवशी दत्तोबांच्या सूनबाई आल्या, ललितावहिनी. आवाज अजिबात चढवला नाही. पिशवीतून टूल काढलं, काउंटरवर ठेवलं.

"मामा डोळा काढत हुते. पातं मिटलं, बोटावर. आतली शीर तुटली. शिवलंय, पन बोट वाकंल का न्हाई, डॉक्टर सांगंना. आमी भांडाया न्हाई आलो. दुरुस्त कुनी केलं, तेवढं सांगा. सीजन हाय आमचा, आन् डोळं भरनारा हात त्योच."

दादा म्हणाला, "अहो ताई, हे काम आमच्याकडे होतच नाही. आम्ही बाहेर देतो." बोर्डाच्या खाली उभं राहून म्हणाला.

आणि लगेच खालांना फोन करून बोलावलं. त्या बस धरून आल्या. टूल हातात घेतलं, कानाशी नेलं, उघडलं. टिक नाही. परत उघडलं, नाही.

"हा माझा हात नाही," म्हणाल्या. "माझ्यानंतर कुणीतरी आवळलंय."

दादाने खोक्यातून चिठ्ठी शोधून काढली. "हे बघा, लिहिलंय ना, पातं जाम. गिऱ्हाइकाने सांगितलं, तुम्ही केलंत."

"जाम हलतंय म्हनले हुते मामा," ललितावहिनी म्हणाल्या. "जाम करा असं कोन म्हनंल?"

तेव्हा कुठे मला कळलं मी काय केलंय ते.

दादा लगेच, "मग झालं तर. चिठ्ठी अर्धवट होती, यांनी वाचली आणि आवळून टाकलं."

खाला शांतपणे म्हणाल्या, "मी उर्दू शाळेतली, दादा. मराठी बोलते, वाचता येत नाही. चार वर्षांत तुमची एक चिठ्ठी वाचलेली नाही. मी पातं बघते."

मग दादा माझ्याकडे वळला. "शुभंकर, तू हात लावला होतास?"

त्याला कळलं होतं गं. अक्षर माझं, वाचता येणारा मी. पण माझी चूक म्हणजे दुकानाची चूक, आणि त्याला ती नको होती. तो विचारत नव्हता, उत्तर सांगत होता. आणि खाला माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. शिकवताना बघायच्या तशा, याला येतंय का बघू.

मी म्हटलं, "नाही."

काही जोर लागला नाही म्हणायला.

खालांनी टूल मिटलं. "मग मीच असणार," म्हणाल्या. "माझ्याशिवाय पाना फिरवणारं पुण्यात आहे तरी कोण." त्यांच्याकडे राहिलेला टूलांचा रिकामा डबा आणला होता, तो माझ्या हातात दिला आणि गेल्या.

दादाने त्याच दिवशी दुकानदारांच्या ग्रुपवर टाकलं, या बाईंना काम देऊ नका, नावासकट. आणि आता टूलं कोण दुरुस्त करतं, विचार. मी. बोर्डाखाली स्टूल टाकून दिलंय मला. खालांनी शिकवलं तसंच करतो, कानाशी धरून, आणि दादा गिऱ्हाइकांना सांगतो, आमचा मुलगा तयार आहे.

हे पण कदाचित मी गिळलं असतं. पण आज सकाळी ललितावहिनींचा फोन आला आणि मीच उचलला. म्हणाल्या, "मामांचं बोट वाकत न्हाई. डॉक्टरनं हात टेकलं. त्या बाईंचा पत्ता द्या, उद्या चौकीत तक्रार लिवायची हाय."

आणि मी दिला. गल्ली, मजला, सगळं. वर सांगितलं, स्वारगेटला उतरा, तिथून चालत जवळ आहे. त्या मला थँक्यू म्हणाल्या, अपेक्षा.

आता उद्या अकराला त्या चौकीत जायला निघणार. मी फोन करून खरं सांगितलं तर तक्रारीत माझं नाव, नोकरी पण गेली, आणि दादा म्हणेल मी याला ओळखतच नाही. नाही सांगितलं तर पोलीस खालांच्या दारात, आणि त्यांच्या बाजूने बोलायला चिठ्ठीसुद्धा नाही, ती दादाने फाडली. दुपारपासून तो नंबर दहा वेळा काढलाय आणि परत बंद केलाय.

आता बोल. काउंटरपाशी माझ्या जागी तू असतीस आणि दादाने तुला विचारलं असतं, तर तू काय केलं असतंस?