औषधापर्यंतची शिडी

आमच्या साप्ताहिकात शेवटून दुसऱ्या पानावर शब्दशिडी असते. ती अठरा वर्षं मी लावते. वर एक शब्द, खाली एक शब्द. प्रत्येक पायरीला एकच अक्षर बदलायचं, काना-मात्रेसकट, आणि दर वेळी शब्दकोशातला खराखुरा शब्द तयार व्हायला हवा. माणसांची, गावांची, देशांची नावं चालत नाहीत. नगर, नजर, गजर, गाजर. एवढं सोपं, आणि एवढंच डोकं खाणारं.

शिडी लावताना मी वरून खाली आणि खालून वर अशी दोन्हीकडून चालत येते आणि मध्ये गाठ मारते. गाठ बसल्याशिवाय पान सोडत नाही. आरोग्य विशेषांकाच्या वेळी मात्र संपादकांनी परस्पर वर 'आजार' आणि खाली 'औषध' टाकलं आणि "किती समर्पक!" म्हणत स्वतःवरच खूश झाले. त्या दिवशी त्यांच्याशी दोनदा भांडून झालं होतं. तिसऱ्यांदा तोंड वाजवायचा कंटाळा आला, म्हणून मी पानावर सही ठोकली. उत्तर पुढच्या अंकात द्यायचं असतं, तेव्हा बघू म्हटलं.

चार दिवसांनी एक मुलगी कार्यालयात आली. तिशीची असेल. बसलीसुद्धा नाही.

"शिडीचं उत्तर द्या मला."

"पुढच्या अंकात येईल."

"तेवढा वेळ नाहीये हो. माझे बाबा दवाखान्यात आहेत. ऑपरेशनच्या कागदावर शुक्रवारपर्यंत सही हवी. डॉक्टर म्हणतात फार आशा नाही, पण दुसरं काही उरलेलंही नाही. फार आशा नाही, हे बाबांना सांगितलेलं नाही मी. ते म्हणतात, आधी शिडी सुटू दे, मग सही करतो."

"उद्या मी स्वतः घेऊन येते," असं बोलून बसले, आणि ती जिना उतरते न उतरते तोच शिडीचं पान पुढ्यात ओढलं. कारण उत्तर माझ्याकडे नव्हतंच.

संध्याकाळी धाकट्या दिरांना बोलावलं. ते कॉलेजात गणित शिकवतात आणि माझ्या शिड्यांना गणितच म्हणतात. शब्द म्हणजे ठिपके, एका अक्षराच्या बदलाने जोडता आले तर मध्ये रेघ. मी दोन तास वरून उतरत होते आणि दमले होते.

"वहिनी, खालून बघा ना," भाऊजी म्हणाले. "औषधाला शेजारी कोण?"

औषधी. बास. पहिलं अक्षर बदला, मधलं बदला, काही हाती लागत नाही. आणि औषधीच्या शेजारी फक्त औषध. त्यांनी कागदावर ठिपक्यांची मोठी गर्दी काढली, तिच्यात आजार, आणि लांब कोपऱ्यात दोनच ठिपके.

"म्हणजे रस्ता नाही?"

"एक आहे. निषध. जुन्या कथांमधल्या देशाचं नाव आहे ते. तुमच्या नियमात बसत नाही."

"खड्ड्यात गेला नियम," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. बाबा म्हणजे वाळून काटकी झालेले गृहस्थ, चाळीस वर्षं लेथवर काम केलेले. त्यांनी वहीत स्टीलच्या पट्टीने पायऱ्या आखल्या होत्या. आजार, आकार, विकार, विकास, विलास, विलाप, आलाप, आरोप, निरोप, निरोध, निषेध. माझ्यापेक्षा सुबक काम. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुढे निषध घ्या," मी म्हटलं. "की लगेच औषध."

ते हसले. "ते सोमवारीच सुचलं होतं मला. देशाचं नाव आहे, बाई."

"या वेळी चालवून घेऊ."

"असं कसं? लेथवर कातलेला जॉब मापात बसत नाही म्हणून पट्टी वाकवायची का?"

पलंगामागून मुलगी मला हाताने खुणावत होती, काहीतरी द्या, काहीही द्या. माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. लाज वाटत होती, राग संपादकांवर होता आणि त्याहून जास्त स्वतःवर. मी सगळं सांगून टाकलं. पानावरची सही, कंटाळा, सगळं.

त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला उत्तर सापडलं नाही, की ते नाहीच?"

"नाहीच."

"कशावरून?"

मी भाऊजींचा कागद काढला. बाबांनी चष्मा परत लावून एकेका जागी सगळी बाराखडी घालून पाहिली, ओठ हलवत, घाई न करता. अर्धा तास गेला. मग त्यांनी वही मिटली आणि पाठ उशीला टेकली. "बरं झालं. मी उगाच स्वतःला ठोंब्या समजत होतो. इतकं स्पष्ट कुणी सांगतच नाही." आणि ते मुलीकडे वळले. "डॉक्टरांचं काय म्हणणं आहे गं? त्यांना सापडत नाहीये, की नाहीच?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"तसं काही नाही हो बाबा," ती म्हणाली. "ऑपरेशन झालं की बरे व्हाल. डॉक्टरांना खात्री आहे."

त्यांनी तिचा चेहरा निरखला. तिने मान खाली घालून कागदांची पिशवी उघडायला घेतली.

"आण मग कागद," ते म्हणाले. तिने दाखवलेल्या तिन्ही जागी त्यांनी सह्या केल्या, नीट, एका रेषेत. ती कागद घेऊन नर्सकडे जवळजवळ पळतच गेली. इतका आनंद मी त्या वॉर्डात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

"मला कळलंय, हे तिला सांगू नका," ते म्हणाले.

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते मी?