काचेखालचा श्वास

तलावाच्या काठावर एकच गर्दी उसळली होती. मागच्यांना काहीच दिसत नव्हतं, तरी "दिसलं, दिसलं!" म्हणून ओरडण्यात तेच आघाडीवर होते.

मधोमध पाण्यातल्या देवीचा भगत म्हणवणारा पाणबुवा बसला होता. त्याच्या मुठीत एक मनगटी घड्याळ होतं, नावाड्याचं. वादळात नाव उलटली तेव्हापासून नावाडी बेपत्ता होता. पाणी ओसरल्यावर चिखलात त्याचं घड्याळ तेवढं सापडलं, तुटक्या पट्ट्याचं. पण चालू!

"घड्याळ चालतंय म्हणजे मालक जिवंत आहे," बुवा म्हणाला. "तळाशी देवीचा महाल आहे. तिथं पाहुणचार झोडतोय तो. थांबा, श्वासच दाखवतो!"

त्यानं मूठ बराच वेळ आवळून धरली, काहीबाही पुटपुटला आणि काचेवर तलावाचं गार पाणी शिंपडलं. काचेच्या आतून धुकं पसरलं.

"घेतला! श्वास घेतला!" गर्दी ओरडली.

नावाड्याची बायको हात जोडून पुढं सरकली.

"आता त्याच्याच रक्ताच्या माणसानं हे घड्याळ बांधून खाली जायचं आणि त्याला हाताला धरून आणायचं. भ्यायचं काय त्यात? घड्याळाच्या मागं कोरलंय, पन्नास मीटर! आपलं तळं तेवढं खोल तरी आहे का?"

नावाड्याची मुलगी पुढं झाली. सगळे तिला भिंगरी म्हणत. काठाशी हातपाय मारण्यापलीकडं तिला पोहणं येत नव्हतं.

"आई, मी आणते बाबांना."

आईनं तिला अडवलं नाही. बुवानं सुतळीनं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. भिंगरी कमरेइतक्या पाण्यात शिरली, तोच शाळेतून तिची आत्या धावत आली. विज्ञान शिकवायची ती. हाताला खडू तसाच होता. चपलांसकट पाण्यात उतरून तिनं पोरीचा दंड धरला.

"सोड ना आत्या! बाबा श्वास घेतायत. मी पाहिलं."

"मग मलाही बघू दे. माझा भाऊ आहे तो."

तिनं भिंगरीला काठावर आणलं, सुतळी सोडली. "आता तूच दाखव. मंत्र येतो?"

"नाही."

"बरं झालं. घड्याळ काखेत धर. ऊब लागू दे त्याला."

भिंगरीनं धरलं. मग आत्यानं सांगितल्यावर काचेवर गार पाण्याचा थेंब सोडला. धुकं आलं.

"पोरीच्या हाताला पुण्याई आहे!" बुवा ओरडला.

"मग तुमच्या चष्म्यालाही असेल. गरम चहावर धरला की तोही श्वास घेतो," आत्या म्हणाली. कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. "आत दमट हवा कोंडलीय, भिंगरे. काच गार झाली की त्या हवेतली वाफ काचेवर जमते."

"पण चालतंय कसं?"

"सेलवर. घालणारा असो, नसो. यंत्र गंजलं की थांबेल."

"आणि पन्नास मीटर?"

"एवढ्या खोलीवर पाण्याचा जितका दाब असतो, तितका दाब देऊन नवंकोरं घड्याळ कारखान्यात तपासतात. तेही न हलवता. ते घालून पोहावं, खोल बुडी मारायला ते नाही. आत पाणी अडवणारं रबराचं कडं असतं, ते काही वर्षांनी झिजतं. आणि तो आकडा घड्याळाचा आहे, माणसाचा नाही. तू ज्याला श्वास म्हणतेस ना, ते आत शिरलेलं पाणी आहे. ज्याला स्वतःला पाणी अडवता आलं नाही, ते तुला काय वाचवणार?"

पाणबुवा झोळी उचलून गर्दीच्या कडेकडेनं सटकू लागला होता. कुणी त्याला अडवलं नाही.

"म्हणजे बाबा..." भिंगरी म्हणाली.

आत्यानं तिचा ओला हात हातात घेतला. "नाहीत गं आता."

"चालू द्यायचं होतं ना खोटं," आई हुंदक्यातून म्हणाली. "तेवढाच आधार होता, वन्सं."

"दिलं असतं, वहिनी. पण ते हिला घेऊन गेलं असतं."

आईनं लेकीकडं पाहिलं. तिचा ओला परकर, मनगटावरचा सुतळीचा वळ. आणि मग तिनं पोरीला असं घट्ट कवटाळलं की आत्यालाही राहवलं नाही, तीही दोघींना जाऊन बिलगली.

मुलांनो, दुःखात माणूस कशावरही विश्वास ठेवतो. त्याला हसू नका. मात्र कुणी चमत्कार दाखवला, तर पाण्यात पाऊल टाकण्याआधी एवढं नक्की म्हणा, "द्या इकडे, मला करून बघू द्या."