हिवाळ्याचं वेळापत्रक

पाच सेकंद उरले तेव्हा उमानं बदामच्या दश्शीवर अंगठा टेकवला. पत्ता सरकत फोनच्या मधोमध गेला आणि महंमदच्या एक्क्याशेजारी पडला. आता फक्त वीरधवलची पाळी राहिली होती. त्याच्याकडे एक जरी हुकूम उरला असता तरी त्यानं तिथंच कापून मेंढी पळवली असती. पण उरला नव्हता. उमानं मोजले होते. टोरांटोहून किल्वरची एक फुटकळ तिर्री आली आणि चौथी दश्शीही अण्णांच्या बाजूला जमा झाली. चारही मेंढ्या एकाच जोडीकडे, म्हणजे कोट.

मस्कतहून महंमदचा संदेश लगेच आला. 'आण्णा, लय भारी! जुना हात परत आला की रं.'

उमानं लिहिलं, 'चालायचंच गड्या.' अण्णा असंच लिहीत. मग तिनं फोन अण्णांच्या उशीशी होता तसा ठेवला आणि कुकर चढवला. सव्वासहा झाले होते. दर शनिवारी अण्णांना फिजिओथेरपीहून घेऊन मुलगा पुष्कर पावणेसातपर्यंत यायचा. नवऱ्याच्या नावानं खेळायची तिला लाज वाटत होती, नाही असं नाही. पण ती लाज कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत टिकायची.

हे चौघे मूळचे कुंडलचे. तिघे लांब गेले: महंमद मस्कतला, वीरधवल टोरांटोला, जयराज मेलबर्नला मुलीकडे. अण्णा तेवढे साखर कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर राहिले आणि रिटायर होऊन सांगलीत विश्रामबागेत येऊन बसले. फोनवर मेंढीकोट खेळता येतो हे कळल्यावर चौघांना एका तासात बसवायचं काम त्यांच्याकडेच आलं. दुसरं कोण करणार? माणसांना पाळ्या लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. रविवारी सांगलीत साडेचार, मस्कतला तीन, टोरांटोला सकाळचे सात, मेलबर्नला रात्रीचे नऊ. हिवाळ्यात तिकडची घड्याळं सरकली की अण्णा कागद घेऊन बसत, नवं वेळापत्रक करत आणि ग्रुपवर टाकत. त्यावर कोणी हूं की चूं केलेलं त्यांना चालत नसे.

जूनमध्ये झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ थोडी जड झाली आणि अक्षरं जुळेनाशी झाली. आकडे कळत, पत्त्यांवरचे ठिपके कळत, पण वाक्य म्हटलं की डोळे नुसते फिरत. लाज वाटते म्हणून ते कुणाशी फोनवर बोलेनात. संदेश उमा वाचून दाखवायची, त्यांनी सांगितलेलं लिहायची आणि मॅचला शेजारी बसून ते म्हणतील तो पत्ता टाकायची. पत्ता सुचेपर्यंत वेळ संपे, फोन आपल्या मनानं भलताच पत्ता टाके आणि अण्णा उमावर ओरडत. "हात कशाला आखडतीस? टाक की!" बाकीचे तिघे काही बोलत नसत. चांगले लोक होते. महंमद त्यांच्याबरोबर हरायचा, दोघे जिंकायचे आणि सगळेच गप्प बसायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी एकदा वीरधवलच्या अडचणीमुळं मॅच शनिवारी आली. अण्णा व्यायामाला गेले होते. आज जमणार नाही, एवढंच लिहायला उमानं फोन उघडला, तर डाव वाटलेला होता आणि तिच्या हाती दोन मेंढ्या होत्या. कोरेगावला माहेरी असताना मेच्या सुट्टीत ती भावांना रडवायची. लग्नानंतर तिनं पत्त्याला हात लावला नव्हता. तीस वर्षं पत्ते खेळणाऱ्यांना चहा मात्र दिला होता, आणि कप ठेवताना चारही हात बघितले होते. त्या शनिवारी तिनं कोट दिला. साठी ओलांडलेली बाई स्वयंपाकघरात एकटीच हसली. इतका आनंद तिला मुलाच्या लग्नातही झाला नव्हता आणि हे तिला स्वतःला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं अण्णांच्या नावानं हिवाळ्याचं नवं वेळापत्रक ग्रुपवर टाकलं. शनिवारी सांगलीत पाच. तिघांनीही अंगठे वर केले. अण्णांना तिनं वेगळंच सांगितलं.

"कॅनडाचं घड्याळ मागं गेलं, तिकडं जयराजभावजींचं पुढं गेलं. आता मार्चपत्तूर काय जमायचं न्हाई म्हणत्यात."

"दरसाल सरकतंय. दरसाल जमतंय," अण्णा म्हणाले.

"यंदा वीरधवलभावजींस्नी सकाळी नातू संभाळायचा हाय."

"वाच बघू."

उमानं फोन हातात घेतला आणि तिथं नसलेली चार वाक्यं न अडखळता वाचून दाखवली.

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता अण्णा डाव्या हातानं तोंड धुऊन, शर्ट बदलून खुर्चीत बसत आणि साडेचारला विचारत, "कुणाचं काय आलं का?" उमा म्हणायची, "न्हाई." मग ते पाच वाजेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसत. तिला वाईट वाटे. शनिवार आला की ते विरून जाई.

या रविवारीही अण्णा असेच बसले होते, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि खजुराचा डबा घेऊन महंमद आत आला.

"आवं वैनी, वळकलं का न्हाई? पहाटं उतरलोय. भाचीचं, सिमरनचं लगीन हाय कडेगावला." त्यानं अण्णांचा लुळा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरून आले. "आण्णा, काय रं ही दशा केलीस?"

उमानं चहा ठेवला. दूध उतू जाऊ नये म्हणून नव्हे, तर बाहेरचा शब्द न् शब्द ऐकू यावा म्हणून तिनं गॅस बारीक केला.

"पर खेळात काय फरक न्हाई गड्या," महंमद सांगत होता. "कालचा कोट तर लयच देखना. मी एक्का टाकला आन् तू बिनधास्त मेंढी सोडलीस."

उमानं गॅस आणखी बारीक केला.

"काल," अण्णा म्हणाले.

"आन् शनवार केलास ते तर बेस झालं बघ. रविवारी आमाला ड्युटी असती. तीन वरसं हापिसाच्या जिन्यात बसून खेळलो. तुला सांगायचं तर धाडस व्हत न्हवतं."

"सांगायचं की रं."

"आता मिटलं न्हवं? सा शनवारात पाच कोट! मोजलंस का न्हाई?"

"तू मोजतूस म्हटल्यावर मी कशाला मोजू?"

महंमद मोठ्यानं हसला. उमा चहा घेऊन बाहेर आली तेव्हा अण्णाही हसत होते, जेवढा चेहरा हलत होता तेवढ्यानं. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तासभर गप्पा झाल्या. कुंडलचे मेलेले आणि जिवंत असलेले सगळे आठवून झाले. निघताना महंमद म्हणाला, "येत्या शनवारी मी हितनंच खेळतो, तुझ्या शेजारी बसून."

"बघू," अण्णा म्हणाले.

रिक्षा गेली. उमा कप उचलू लागली.

"नाथाजी आठवतो का?" अण्णांनी विचारलं.

"कुठला?"

"बॉयलरवरला. भावाचं कार्ड पंच करायचा. भाऊ पिऊन पडलेला आन् ह्यो दोन्ही पाळ्या वडायचा. भावापरीस काम बेस करायचा. सायब म्हणलं, जाऊ द्या वो, काम हुतंय न्हवं?"

उमानं उचललेला कप परत ठेवला.

"मग?"

"मग काय? मी दोघांस्नी बी घरी घालवलं."

ते संथ बोलत होते. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ओरडणं तिच्या सवयीचं होतं. ती त्यांच्या पायाशी बसली.

"चुकलं माझं. येकदा चुकून झालं, आन् मग सोडवंना मला."

"पाच कोट?"

"सा," उमाच्या तोंडून निघून गेलं. "येक महंमदभावजी इसरले."

अण्णांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिच्याकडे बरोबरीच्या माणसाकडं बघावं तसं बघत होते. तेवढ्यानंही तिला गहिवरून आलं.

"फोन आण," ते म्हणाले. "लिव्ह. मंडळी, माझी तब्येत साथ देत न्हाई. आजपास्नं माझी जागा मोकळी करतोय. तुमी चौथा गडी बघा."

"अवं, असं नका करू. तुमी खेळा. मी नुसती शेजारी बसते, पयल्यासारखी."

"लिव्ह."

तिनं लिहिलं आणि पाठवलं. मेलबर्नला मध्यरात्र होत आली होती. तिथून काही आलं नाही. टोरांटोला सकाळचे साडेसात झाले होते. फोन वाजला.

उमानं आधी मनातल्या मनात वाचलं. वीरधवलनं लिहिलं होतं, 'अण्णा, वाईट वाटलं रे. पण तू म्हणशील तसं. नवा माणूस कुठून आणायचा? वहिनींना येतं का? येत असेल तर तुझ्या जागी त्यांनाच बसव.'

"काय म्हणतो?"

सहा आठवडे तिनं फोनवर नसलेलं वाचलं होतं. आता जे होतं ते तिनं एकेक शब्द करून वाचलं. वाचून झाल्यावर ती अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिली. खोटं वाटेल, पण त्या घडीला तिला आशा होती. आपल्या स्वतःच्या नावानं, शनिवारी पाच वाजता. नुसतं हो म्हणायचं होतं त्यांनी. त्यांना काही द्यावं लागणार नव्हतं.

अण्णांनी बराच वेळ घेतला. पत्ता सुचायला लागायचा तेवढाच.

"लिव्ह," ते म्हणाले. "तिला पत्त्यातलं काय कळत न्हाई."

उमानं लिहिलं. अंगठा दोनदा घसरला, तिनं खोडून नीट केलं.

"वाचून दाखव."

"तिला पत्त्यातलं काय कळत न्हाई," उमानं वाचलं.

"पाठव."

तिनं पाठवलं. वीरधवलचा अंगठा आला. पाठोपाठ महंमदचाही आला, बहुतेक रिक्षातूनच.

अण्णांनी डाव्या हातानं लुळा हात उचलून मांडीवर नीट ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पुष्करला सांग, शनवारी यायची गरज न्हाई. माझ्यासंगं व्यायामाला तू येत जा. चारला रिक्षा बोलव, सातला परत. तवर तिथं बाकडं हाय, बसायला."

"बरं," उमा म्हणाली.