रोझीअक्कांच्या घरचा बाण

जानेवारीच्या कोवळ्या उन्हात रोझीअक्का केस विंचरायला बसत, तेव्हा खोबरेल तेलाच्या वासाखाली दवाखान्यातल्या स्पिरिटचा एक थंड, बारीक वास दरवळे. वरचा वास ओळखीचा होता; खालच्याची मला कायम धास्ती वाटे.

जळगावच्या पिंप्राळ्यात त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली होती. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिली. अक्का मूळच्या केरळच्या ख्रिस्ती, नर्स. उभं आयुष्य इथेच गेलेलं. परीक्षेच्या दिवसांत त्या न मागता दुधाचा पेला दाराशी ठेवून जात, आणि मी तो पिण्याआधी हुंगून बघे. ‘त्या लोकांपासून जपून राहा,’ असं निघताना गावात इतक्या जणांनी बजावलं होतं की अक्कांची मायासुद्धा मला दबक्या पावलांनी येणारी वाटे.

त्यांच्या भिंतीवर खांबाला बांधलेल्या, अंगात बाण रुतलेल्या एका तरुणाचं चित्र होतं. संत सेबॅस्टियन, रोमच्या बादशहाचा शिपाई. अक्का सांगत, की तो श्रद्धा मनात लपवून राजवाड्यात पहारा देई आणि कैदेतल्या ख्रिस्ती माणसांना गुपचूप धीर देई. हे उघड झालं तेव्हा बादशहाने त्याच्यावर बाण सोडायला लावले. मेला असं समजून सगळे निघून गेले. एका विधवेने त्याला घरी नेऊन बरं केलं. तरी तो पळाला नाही, पुन्हा बादशहासमोर उभा राहिला आणि मारला गेला. हे ऐकताना माझं मन हळूच बादशहाच्या बाजूला जाई: इतक्या जवळ राहून ज्याने एवढं लपवलं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा?

या संताच्या सणाला इथली मोजकी मल्याळी घरं चर्चमधून पितळेचा लहानसा बाण आणतात. तो एक रात्र घरात राहतो, रोगराई दूर ठेवतो, सकाळी परत जातो. यंदा नेमकी त्याच दुपारी गावाकडून, पारोळ्याहून, आई आली. अक्का बाण सगळ्या खोल्यांतून फिरवत होत्या. ताटात झेंडूची फुलं, बाणाला लाल दोरा, आणि ताट टेकलेलं माझ्या दाराशी.

“हाई काय शे?” आईचा आवाज चिरकला. “करणी शे! बॅग भर तुनी. आठे नही राहनं.”

बॅग भरली असती तर कॉलेज तिथेच संपलं असतं. दुसरी खोली शोधून देणारं आमच्यात कोणी नव्हतं. माझ्यासाठी स्थळ शोधणारे मात्र पुष्कळ होते.

अक्का हसल्या. “ताई, करणीच करायची तर वर्षभर दूध कशाला पाजलं असतं?”

“तेच ते! फुकट कोनी काही देस का?”

अक्कांचं हसू विझलं. “मग तुम्हीच रात्रभर राखा हा बाण. सकाळी चर्चला तुमच्याच हाताने पोचवू.”

आई खरोखरच ताटासमोर बसली, पहाऱ्यावरच्या शिपायासारखी ताठ. भिंतीवरचं ऊन पिवळं होत होत निघून गेलं. चित्रातला शिपाई बाण लागूनही वाचला, हे अक्कांनी सांगितल्यावर तिने तिकडे बघत विचारलं, “त्याना आंगमाईन बाण कोनी काढात?”

“एका विधवा बाईने.”

“आन तिले कोनी काही बोलनं नही?”

“बोलले असतील,” अक्का म्हणाल्या. “ते कोणी लिहून ठेवलं नाही.”

सकाळी आईने ताट चर्चच्या पायरीपर्यंत नेलं, आत मात्र पाऊल टाकलं नाही. परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, “राह्य आठे. पन ध्यान ठेव.”

मी राहिले, ध्यानही ठेवते. त्या शिपायाला पाहिलेले डोळे केव्हाच मिटले, त्याचा खरा चेहरा आता कुणालाच ठाऊक नाही. काळाने त्याचं सारं नेलं. उरला तो बाणाच्या रूपाने, कुणाच्या तरी घरी एका रात्रीपुरता, आणि त्याला आत घ्यावं की नाही या घालमेलीत बसून राहणाऱ्या माणसांच्या मनात.